वस्तू घडवण्याचं शिक्षण घ्यायचंय? मग आधी कॉलेजची कार्यशाळा बघून या

साताऱ्याहून एका आईने विचारलं आहे: मुलगी १२वी सायन्सला आहे. लहानपणापासून तिचे हात स्वस्थ नाहीत. शाडूचा गणपती ती घरीच करते, पुठ्ठ्याची मॉडेल्स करते, मोडक्या स्टुलाला तिने स्वतः पाय बसवला. आर्किटेक्चर नको म्हणते, नुसती चित्रकलाही नको. ‘थ्रीडी डिझाइन आणि क्राफ्ट’ असं काहीतरी विद्यापीठात शिकायचं आहे म्हणते. असं शिक्षण खरंच असतं का, कुठे मिळतं, चार वर्षं नेमकं काय करतात, पुढे पोट भरतं का? आणि हेच सगळं एखाद्या कुंभाराकडे नाहीतर सुताराकडे बसून का शिकू नये?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

हो, कुंभाराकडे शिकता येतं. चाकावर माती मधोमध आणणं, भिंत वर ओढणं, थापीने ठोकत माठाचं पोट वाढवणं हे चांगल्या कुंभाराइतकं कुठलाच प्राध्यापक शिकवू शकत नाही. मी सिरॅमिक्समध्येच, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कामात, पदवी घेतली, स्टुडिओ चालवते, अधूनमधून कॉलेजांत शिकवतेही. तरी हे म्हणायला मला काही वाटत नाही. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. कुंभाराला प्रत्येक भट्टीतून पैसे निघायला हवेत. तो आपल्या आव्यात, म्हणजे त्याच्या साध्या भट्टीत, तुमच्या मुलीला वीस प्रकारच्या चाचण्या लावू देणार नाही, आणि त्याने का म्हणून द्याव्यात? शिवाय आव्यात जेवढी उष्णता मिळते तेवढ्यात माठ छान भाजतो, पण स्टोनवेअरच्या, म्हणजे घट्ट भाजलेल्या मातीच्या, कपावर दिसणारा काचेसारखा लेप (ग्लेझ) वितळायला साधारण १२०० अंशांच्या पुढे जावं लागतं. ती भट्टी त्याच्याकडे नसते.

विद्यापीठात फी भरून आपण मुख्यतः विकत घेतो ती चार वर्षं साहित्य वाया घालवायची मुभा, ते वाया का गेलं हे खोदून विचारणारी माणसं, आणि घरात मावणार नाहीत अशी यंत्रं. हे सगळं कार्यशाळेत असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की कॉलेजचं नाव, रँकिंग, प्लेसमेंटचे आकडे हे सगळं नंतर बघा. आधी तिथली कार्यशाळा बघा, आणि तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना किती वेळ घालवता येतो ते विचारा.

आता नावाचा घोळ. ‘थ्रीडी डिझाइन आणि क्राफ्ट’ या नावाची पदवी ब्रिटनमध्ये मिळते. तिथे एकाच अभ्यासक्रमात लाकूड, धातू, माती, प्लास्टिक सगळं हाताळायला देतात आणि मग विद्यार्थी आपलं साहित्य निवडतो. मुलीने बहुधा तिथलंच एखादं पान वाचलं असणार. आपल्याकडे हेच शिक्षण दोन घरांत विभागलेलं आहे. एक बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी. दुसरं बी.डेस., म्हणजे डिझाइनची.

ही विभागणी का झाली ते थोडक्यात सांगते, कारण तिचे परिणाम आजही वर्गात जाणवतात. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग १८६० च्या दशकात तिथे शिकवायला आले ते मुळात इमारतींवरच्या शिल्पकामासाठी आणि मातीकामासाठी. पुढे १८९० च्या सुमारास तिथेच लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा उभ्या राहिल्या. धातूकाम, लाकूडकाम, मातीकाम असं त्यांचं स्वरूप. आज जे. जे.मध्ये सिरॅमिक्स, मेटलवर्क, टेक्स्टाइल, इंटिरियर डेकोरेशन हे जे विभाग आहेत त्यांचं मूळ तिथलं. म्हणजे आपल्याकडे कुंभारकाम विद्यापीठात आलं ते कलेच्या दारातून. डिझाइनचं दार उघडलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला आणि १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) सुरू झाली. १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत आयडीसी हे डिझाइनचं केंद्र आलं. (ईम्सच्या अहवालात आपल्या साध्या पाण्याच्या लोट्याला उत्तम डिझाइन म्हणून वाखाणलंय. ते उदाहरण तुमच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जाईल. मग दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. उदाहरण चांगलंच आहे, पण त्या लोट्याला आता सगळेच जरा कंटाळलेत.)

परिणाम असा झाला की बी.एफ.ए.चा विद्यार्थी हाताने पक्का होतो, पण ही वस्तू कोण वापरणार, किती बनणार, कितीला विकली जाणार, हे त्याला कुणी फारसं विचारत नाही. बी.डेस.वाल्याला हे प्रश्न रोज विचारतात, पण कित्येकदा त्याच्या हाताला पुरेशी माती लागलेली नसते. दोन्हीकडे अपवाद भरपूर आहेत. तरी ढोबळमानाने सांगायचं तर, जिला वस्तू स्वतः घडवायची आहे तिने बी.एफ.ए.कडे आधी बघावं. जिला वस्तू दुसऱ्यांकडून, कारागिरांकडून किंवा कारखान्यात घडवून घ्यायची आहे तिने बी.डेस.कडे. स्टुलाला स्वतः पाय बसवणारी मुलगी कुठल्या गटातली हे तुम्हीच ओळखा. मात्र सतरा-अठराव्या वर्षी हे कायमचं ठरवायची गरज नाही. बी.एफ.ए. करून एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्सला, जाणारे पुष्कळ आहेत.

ठिकाणं सांगते. महाराष्ट्रात पहिलं नाव जे. जे.च. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे प्रवेशाची रीत दरवर्षी त्यांच्या माहितीपत्रकातच बघा. जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. राज्यातल्या इतर कला महाविद्यालयांच्या बी.एफ.ए.साठी राज्याची सीईटी असते: डिझाइन, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स १९५० पासूनची, तिथला शिल्पकला विभाग दांडगा. शांतिनिकेतनच्या कलाभवनातही मातीकाम शिकता येतं. डिझाइनच्या बाजूला एनआयडी अहमदाबादमध्ये सिरॅमिक अँड ग्लास, फर्निचर अँड इंटिरियर, प्रॉडक्ट अशा शाखा आहेत. पहिलं वर्ष सगळ्यांना समान, शाखा नंतर. जयपूरची आयआयसीडी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन) तर हस्तकलेसाठीच काढलेली संस्था. तिथे मऊ, कठीण आणि भाजून होणारं साहित्य अशीच शाखांची वाटणी आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. आयआयटी मुंबईची बी.डेस. चांगली, पण तिचा ओढा उत्पादन आणि डिजिटल कामाकडे जास्त. पुण्यात खासगी डिझाइन कॉलेजं बरीच आहेत. त्यांची फी वर्षाला काही लाखांत जाते, सरकारी कला महाविद्यालयांची त्या मानाने किरकोळ. खासगी म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, पण एवढे पैसे भरताना कार्यशाळा बघायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा.

चार वर्षं करतात काय? पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी पायाभूत: रेखाटन, भूमिती, रंग, पुठ्ठा, तार, माती, प्लास्टर. त्यानंतरचं मी माझ्या विषयातल्या एका साध्या अभ्यासावरून सांगते, कारण इतर साहित्यातही शिकण्याची तऱ्हा हीच असते.

चहाचा कप. २०० मिलीचा, कानासकट, सहा एकसारखे. एवढंच काम दिलेलं असतं आणि त्यात महिना जातो. आता गणित बघा. स्टोनवेअरची माती ओली असल्यापासून पूर्ण भाजून निघेपर्यंत साधारण १२ टक्के आटते. ही आट लांबीतली. उंचीला, रुंदीला, खोलीला, सगळीकडे लागते. म्हणजे ०.८८ चा घन, जवळपास ०.६८. भाजल्यावर २०० मिली मावायला हवेत तर ओला कप साधारण २९५ मिलीचा ओढावा लागतो. ज्या मुलांना हे कुणी सांगत नाही त्यांचे सहाही कप भट्टीतून कटिंगचे होऊन निघतात. आणि १२ हा आकडा पुस्तकातून घ्यायचा नाही. आपल्या मातीची पट्टी करायची, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ मारायची, पट्टी भाजायची आणि रेघ पुन्हा मोजायची. ८.८ भरली तर १२ टक्के. सायन्सची मुलगी इथे पटकन पुढे जाते.

मग कान. कप आणि कान दोन्ही सारखेच ओले असताना जोडले पाहिजेत. आम्ही त्या अवस्थेला लेदर-हार्ड म्हणतो: बोट दाबलं तर रुततं, पण आकार मोडत नाही. कान जास्त ओला असेल तर तो जास्त आटतो आणि सांध्याशी बारीक चीर पडते. ती त्या वेळी दिसतही नाही, भाजल्यावर दिसते. म्हणून जोडल्यावर कप रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, म्हणजे दोन्हींतला ओलावा एक होतो, आणि मग सावकाश उघडायचा. कपाच्या बुडाला नागमोडी चीर गेली तर चाकावर बूड नीट दाबलेलं नव्हतं. एकदा डोळे तयार झाले की चीर बघून ती कुठल्या दिवशीच्या कामाची हे सांगता येतं.

त्यानंतर भट्टी. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं, असं जो तो सांगतो. भांडं फोडते ती वाफ. वरून कोरडं वाटणारं भांडं आतून ओलं असेल आणि पहिल्या १०० अंशांत घाई केली, तर पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. बुडबुडा असलेलं पण पूर्ण सुकलेलं भांडं निवांत भाजून निघतं. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, थंड होताना तिथेच एकदम आकसतं. भट्टी लवकर उघडायची उतावळी केली की तडा जातो तो बहुधा इथला. कच्ची भाजणी ९००-९५० अंशांपर्यंत, मग ग्लेझ, मग १२०० च्या वर. ग्लेझ म्हणजे सिलिका, अॅल्युमिना आणि त्यांना वितळायला लावणारा फ्लक्स, या तिघांचं प्रमाण. एका टोकाला एक मिश्रण, दुसऱ्या टोकाला दुसरं, आणि मधे दहा-दहा टक्क्यांनी बदलत नेलेल्या चाचणीच्या फरशा, हे काम रटाळ आहे. पण ते केल्याशिवाय आपला रंग आपल्या हातात येत नाही. तेच तांबं हवा भरपूर असलेल्या भट्टीत हिरवं येतं आणि हवा कोंडलेल्या भट्टीत लाल. कप भट्टीत लावण्याआधी बुडाला लागलेलं ग्लेझ ओल्या स्पंजने पुसायचं, नाहीतर कप भट्टीतल्या फळीला चिकटतो आणि दोन्ही जातात. फळी महाग असते. कुणी ती बिघडवली तर वर्गभर कळतं.

हे सगळं कुंभाराकडे मिळत नाही म्हणाले ते यासाठी. आणि हे कार्यशाळेबाहेर, प्रोजेक्टरवरही शिकता येत नाही.

धातूचंही असंच. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. कोकणातून पेशवाईत आलेली ही कारागीर घराणी. बंब, घागरी, हंडे घडवणारी. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो. मग त्याला भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. कधी थांबायचं हे तिथली माणसं आवाजावरून ओळखतात: मऊ पत्र्याचा ठोका बसका येतो, कडक झालेल्याचा खणखणीत, आणि त्यापुढेही ठोकत राहिलं तर पत्रा चिरतो. शेवटी पृष्ठभागावर शेजारी शेजारी जे ठसे उठवतात ते मठारकाम. ते दिसायला नक्षी वाटतं. पण त्या ठोक्यांनीच पातळ पत्र्याला ताकद येते. विद्यार्थिनीला हे समजायला हातोडी हातात घ्यावी लागते. आणि मग तिच्या लक्षात येतं की संगणकावर काढलेली तिची काटकोनी सुरई हातोडीला पोचतच नाही अशा आकाराची आहे.

या निमित्ताने एका गोष्टीवर जरा बोलते. डिझाइनच्या बहुतेक अभ्यासक्रमांत कारागिरांच्या वस्तीत जाऊन त्यांच्या कामाची नोंद करायची असते. दोन-तीन आठवडे राहायचं, साधनं, पायऱ्या, दर, बाजार सगळं लिहायचं. शिक्षण म्हणून याला तोड नाही. पण व्हायचं काय, तर पोरं येतात, फोटो काढतात, कारागिराचा अर्धा दिवस खातात, एखादा नमुना करून घेतात आणि प्रदर्शनात खाली फक्त स्वतःचं नाव लावतात. एका संस्थेच्या प्रदर्शनात माझ्या ओळखीच्या कारागिराने घडवलेलं भांडं मी असं बिननावाचं बघितलं आहे. तुम्ही प्रवेश घेणार त्या कॉलेजात हे कसं चालतं ते जरूर विचारा: कारागिराच्या वेळेचे पैसे कोण देतं, अहवालाची प्रत त्याला मिळते का, नमुन्यावर नाव कुणाकुणाचं जातं. जिथे या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं तिथले शिक्षक बहुधा बाकी गोष्टींतही सरळ असतात. सावंतवाडीचं लाकूडकाम, बिदरचं बिदरी धातूकाम, धारावीच्या कुंभारवाड्यातली सौराष्ट्रातून आलेली घरं, हे सगळं आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पाहुणा म्हणून कसं वागायचं हेही अभ्यासक्रमात असायला हवं.

आता कार्यशाळा बघायची म्हणजे काय बघायचं. माहिती द्यायला नेमलेल्या माणसाबरोबर जाल तर तो तुम्हाला थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटर दाखवेल. बघा, आणि पुढे चला. भिंतीवर ग्लेझच्या चाचणीच्या फरशा टांगल्या आहेत का, त्यांच्या मागे आकडे लिहिलेत का? नसतील तर तिथे तयार ग्लेझचे डबे आणतात आणि शिकवत काही नाहीत. भट्टी कोण लावतं, विद्यार्थी की फक्त तंत्रज्ञ? भट्टीशेजारी तापमानाची वही आहे का, आणि ती कालपर्यंत भरलेली आहे का? गॅसची भट्टी आहे की फक्त विजेची? वीस मुलांमागे चाकं किती? संध्याकाळी सहानंतर कुलूप लागतं का? काही सरकारी कॉलेजांत लागतं, आणि मुलांचे निम्मे तास तिथेच जातात. मुलींना रात्री थांबता येतं का, हॉस्टेल किती लांब, हे तर तुम्ही विचारालच. कार्यशाळेतल्या मास्तरांशी, म्हणजे जो माणूस रोज यंत्रं सांभाळतो त्याच्याशी, पाच मिनिटं बोला. त्यांना विद्यार्थ्यांची नावं माहीत असतील तर निम्मं काम झालं.

आणखी एक बारकावा, जो कुणी सांगत नाही. तिथे साफसफाई कशी करतात ते बघा. मातीच्या स्टुडिओत कोरडा झाडू मारताना कुणी दिसलं तर मी तिथे मुलीला घालणार नाही. सुक्या मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांनी सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, ग्लेझ कोरडं असताना मिसळताना मास्क लावायचा, ही साधी शिस्त आहे. लाकडाच्या विभागात धूळ ओढून घेणारं यंत्र चालू असतं का, करवतीवर कव्हर आहे का, लांब केस आणि ओढणी याबद्दल कुणी टोकतं का, हेही बघा. जिथे टोकतात तिथे जीव लावून शिकवतात.

थ्रीडी प्रिंटरला मी नावं ठेवत नाही, हं. संगणकावर मॉडेल करायचं, प्रिंट काढायची, तिच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात पातळ केलेली माती ओतून शंभर कप: ही वाट आज स्टुडिओतही रुळली आहे आणि तुमच्या मुलीने ती शिकलीच पाहिजे. क्रम मात्र उलटा नको. ज्याने माती हाताळलेली नाही तो पडद्यावर आतून धारदार काटकोन काढतो, आणि सुकताना माती नेमकी त्याच कोपऱ्यात फाटते.

पोट भरतं का? भरतं, पण पगाराच्या स्लिपवर पहिल्या वर्षीच इंजिनिअरशी बरोबरी करायला जाऊ नका. माझ्याबरोबर आणि माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आज काय करतात ते सांगते. काही जण गुजरातेत मोरबी आणि उत्तर प्रदेशात खुर्जाच्या बाजूला टाइल्स आणि क्रोकरीच्या कारखान्यांत डिझाइन बघतात. काही मुंबईत सिनेमा-मालिकांच्या सेटवर. कला विभागाला साचे, प्लास्टर, फायबर जाणणारी माणसं कायम लागतात. कुणी दिव्यांच्या कंपनीत, कुणी दागिन्यांत, कुणी संग्रहालयांची मांडणी करतं, कुणी शाळेत शिकवतं. स्वतःचा स्टुडिओ काढणारे थोडे, पण गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूर, गोवा इथली हॉटेलं आणि कॅफे हाताने केलेली ताटं-वाट्या मागू लागल्यामुळे त्यांना बरे दिवस आले आहेत.

स्टुडिओचं गणित मात्र कॉलेजात फार कमी शिकवतात. ९ किलोवॉटची विजेची भट्टी १० तास चालली तर अगदी पूर्ण भाराने धरलं तरी ९० युनिटं. प्रत्यक्षात कमी लागतात, पण हिशेब वरचाच धरावा. असल्या भट्टीला घरगुती जोडणी पुरत नाही, थ्री-फेज घ्यावं लागतं, आणि भाड्याच्या जागेत मालक त्याला लगेच हो म्हणत नाही. भांडं दोनदा भाजतं, त्यामुळे वीज दोनदा. शंभरातली काही फुटतात, त्यांचा खर्च उरलेल्यांवर. कानासाठी लागलेली वीस मिनिटं किमतीत धरायचीच असतात. नवीन मुलं माती आणि ग्लेझचा खर्च दुप्पट करून किंमत लावतात आणि वर्षभरात दमतात. म्हणून कुठल्या अभ्यासक्रमात किंमत काढायला शिकवतात हे मी मुद्दाम विचारायला सांगते. बी.डेस.वाले इथे उजवे असतात, हे कबूल.

परदेशाबद्दल थोडंच. ब्रिटनमध्ये मूळ पदवी बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची, तिच्याआधी बरेच जण एक फाउंडेशन वर्ष करतात. कार्यशाळा उत्तम. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथले सिरॅमिक्सचे बरेच विभाग बंदही पडले. भट्ट्या, जागा आणि तंत्रज्ञ हे विद्यापीठांना परवडेनासं झालं. परदेशी विद्यार्थ्यांची फी बघता पदवीसाठी कर्ज काढून जावं असं मला वाटत नाही. इथे पदवी करावी, दोन वर्षं काम करावं, आणि मग आपल्याला नक्की काय हवंय ते कळल्यावर मास्टर्सला जावं. पदवीच नको असेल, फक्त मातीकाम हवं असेल, तर त्याही वाटा आहेत: पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीने आज नावाजलेले कितीतरी कुंभार-कलावंत घडवले, हिमाचलात अंद्रेट्टाला राहून शिकायची परंपरा आहे, आणि आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाचं मातीकाम आहे. सुट्टीत यांपैकी एखाद्या ठिकाणी मुलीला घेऊन नुसतं बघून आलात तरी चालेल.

राहिली तयारी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्राचा सराव आहेच, तो सीईटीला उपयोगी पडतो. पोर्टफोलिओसाठी नेटवरून उतरवलेली पेन्सिलची चित्रं भरू नका. तपासणारे ती लांबून ओळखतात. केलेल्या वस्तूंचे फोटो घाला. स्टुलाचा पाय घाला, आधी कसा तुटला होता, काय करून बघितलं, पहिल्यांदा का हलला, मग काय बदललं, अशा क्रमाने. शेजारी हात किंवा नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळतो. एनआयडीच्या दुसऱ्या फेरीत तार, कागद, माती असं काहीतरी हातात देऊन वेळ लावून करायला सांगतात. त्याची तयारी रोज अर्धा तास पुठ्ठा आणि कटर घेऊन बसण्याने होते. क्लास लावायचा का? वेळ लावून पेपर सोडवायचा सराव हवा असेल तर दोन-तीन महिन्यांचा लावा. वर्षभराचा महागडा क्लास लावून सगळ्यांची कामं एकसारखी दिसायला लागतात.

तारखांकडे मात्र आतापासूनच लक्ष ठेवा. यूसीड (आयआयटींच्या बी.डेस.ची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडीचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात. यूसीड जानेवारीत होते, एनआयडीची पहिली फेरीही हिवाळ्यातच. म्हणजे हे सगळं १२वीच्या ऐन अभ्यासात येतं. दोन्हींना शाखेची अट नाही, सायन्स असो की कॉमर्स. राज्याची सीईटी त्यानंतर येते. त्यामुळे कार्यशाळा बघायचा दौरा दिवाळीच्या आधी उरकून घ्या, आणि कॉलेज चालू असेल अशाच दिवशी जा. सुट्टीत गेलात तर रिकामी यंत्रं दिसतील, मुलं दिसणार नाहीत. आणि विचारायचं आहे ते त्यांनाच.